मग पुढे काय झालं त्यांचं?

माझ्या शनिवारच्या जपानीच्या वर्गात दर वर्षी एक तरी पोरगा निर्वाना ह्या अमेरिकन रॉक बँडचा टी-शर्ट घालून येतोच. काळ्या कापडावर पिवळा, जीभ बाहेर काढलेला वाकडा चेहरा, डोळ्यांच्या जागी फुल्या. गाणी एकदोनच ऐकलेली असतात, पण टी-शर्ट अंगावर असतो. मधल्या सुट्टीत चहा घेताना मला राहवत नाही. मी सांगते, की बाबा रे, १९९१ च्या शेवटी हा बँड इंग्लंड-स्कॉटलंडात गावोगाव हिंडत होता ना, तेव्हा त्यांच्या आधी स्टेजवर ओसाकाच्या तीन बायका वाजवायच्या. आणि त्या बायकांचं एक गाणं चक्क भांडी घासायच्या ब्रशवर आहे.

पोरं हसतात, फोन काढतात, ‘शोनेन नाईफ’ शोधतात, दीड मिनिट ऐकतात. मग न चुकता विचारतात, "सेन्सेई, मग पुढे काय झालं त्यांचं?"

हाच प्रश्न मला माझ्या दिरांनी विचारलाय, सोसायटीच्या गणपतीत गिटार वाजवणाऱ्या एका काकांनी विचारलाय, आणि ओसाकाच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या एका जपानी सहकाऱ्यानेही विचारला होता. त्याला तर त्या अजून वाजवतात हेच ठाऊक नव्हतं. विचारणाऱ्याच्या मनात दोनच उत्तरं असतात. एक तर खूप मोठ्या झाल्या, नाहीतर भांडून संपल्या. आपल्याला साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण झालेली लागते. ह्यांची ती होत नाही, म्हणून मी दर वेळी "सांगते कधीतरी" म्हणत फळ्याकडे वळते. आता तुम्ही विचारलंतच आहे, तर एकदा बसून सांगते.

नाव आधी. ‘शोनेन’ म्हणजे मुलगा, कुमारवयातला. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचणाऱ्यांना हा शब्द शिकवावा लागत नाही. ‘शोनेन नाईफ’ हा जपानातल्या एका जुन्या खिशातल्या चाकूचा छाप होता. म्हणजे आपल्याकडच्या तीन मुलींनी आपल्या बँडचं नाव ‘नटराज पेन्सिल’ ठेवावं, तसला प्रकार. त्यात आणखी गंमत अशी, की बँड मुलींचा आणि नावात मुलगा. दिसायला गोंडस आणि हातात पातं. मला हे नाव ऐकताक्षणी आवडलं होतं, आणि बँड आवडण्याचं निम्मं कारण तेच आहे हे कबूल करते.

२९ डिसेंबर १९८१ ही त्यांची जन्मतारीख. नाओको यामानो गिटारवर, तिची धाकटी बहीण आत्सुको ड्रम्सवर आणि मैत्रीण मिचिए नाकातानी बेसवर. नाओकोला बीटल्सचं वेड, त्यावर रामोन्स आणि बझकॉक्स ह्या पंक बँडचं. वाजवायला फारसं कुणालाच येत नव्हतं. पण रामोन्सच्या गाण्यांत तीनचार कॉर्ड्सच्या वर काही लागत नाही, म्हणून तर पंक आवडायचं. १९८२ च्या मार्चमध्ये पहिला कार्यक्रम केला आणि त्याच वर्षी घरच्या घरी एक कॅसेट काढली.

ही तारीख जरा जपानच्या भिंतीवर टांगून बघा. १९८१ मध्ये ओसाकात पोरगी शिकून नोकरीला लागली तर ती ‘ओ-एरु’ व्हायची, म्हणजे ऑफिस लेडी. कागद टाईप करायचे, पाहुण्यांना चहा द्यायचा आणि लग्न ठरलं की सगळ्यांना वाकून नमस्कार करून नोकरी सोडायची. त्या सोडण्यालाही खास शब्द आहे, ‘कोतोबुकी ताइशा’, मंगल निवृत्ती म्हणा हवं तर. स्त्रीपुरुषांना नोकरीत समान संधी देणारा कायदा संमत झाला १९८५ मध्ये, लागू झाला १९८६ मध्ये. त्यात ह्या तिघी. नोकरी सांभाळायची आणि उरल्या वेळात बँड.

छोट्या बँडने वाजवायची जागा म्हणजे ‘लाईव्ह हाऊस’. तळघरात नाहीतर चौथ्या मजल्यावर, शे-दोनशे माणसांची खोली. तिथे पैसे मिळतात असं वाटत असेल तर विसरा. ‘नोरुमा’ नावाची एक पद्धत आहे. इतकी तिकिटं तुम्ही खपवायची, न खपली तर उरलेल्यांचे पैसे तुम्हीच भरायचे. जपानातल्या कितीतरी बँडची अशी सगळी हयात स्वतःच्याच कार्यक्रमाची तिकिटं विकत घेण्यात जाते.

आता गाणी. ओसाकाबद्दल जपानात एक म्हण आहे, की क्योतोचा माणूस कपड्यांपायी भिकेला लागेल आणि ओसाकाचा खाण्यापायी. ‘कुइदाओरे’ म्हणतात त्याला, खाता खाता कोसळणं. नाओको ओसाकाची. तिने मुलाखतींतून सांगितलंय, की प्रेमगीतं लिहायची तिला लाज वाटते, म्हणून ती खाण्यावर आणि प्राण्यांवर लिहिते. मला हे कारण पटतं, कारण त्यात पोज नाही. चॉकलेट बार, आईस्क्रीम, जेली, सुशी, टोमॅटो, केळ्याचे वेफर्स. प्लूटोवर जाणारं रॉकेट आहे, सार्वजनिक स्नानगृह आहे, बागेतले सिमेंटचे प्राणी आहेत. नाग आणि मुंगसाच्या झुंजीवर एक गाणं आहे, ते वर्गात लावलं की पोरं खूष होतात.

पण माझं आवडतं गाणं ‘कामेनोको तावाशी’चं. तावाशी म्हणजे भांडी घासायचा ब्रश. १९०७ मध्ये निशिओ शोझाएमोन नावाच्या माणसाने तो बनवला. झाडाचे ताठ तंतू तारेत धरायचे, पीळ द्यायचा, कातरायचे आणि वाकवून लांबट गोल करायचं. तयार झालेली वस्तू कासवाच्या पिल्लासारखी दिसते, म्हणून कामेनोको, कासवाचं पोर. शंभर वर्षं उलटली, अजून तस्साच मिळतो, कागदी पट्टीवर कासव छापलेला. नाओको आणि मंडळींनी ह्या ब्रशचं गाणं केलं. उपहास नाही, जाहिरात नाही. सिंकपाशी पडलेली वस्तू आणि तिच्यासाठी इतकी उसळती चाल, की स्वयंपाकघरात लावली तर हातातलं पातेलं तालात घासलं जातं. मी करून बघितलंय.

मी ओसाकात तीन वर्षं दुभाषी म्हणून काम केलं, २०१२ पासून. तिथे नांबाजवळ दोगुयासुजी नावाची गल्ली आहे, सगळी भांड्यांची आणि हॉटेलच्या सामानाची दुकानं. आपल्या तुळशीबागेची धाकटी बहीण, फक्त घासाघीस चालत नाही. तिथून मी चारशे येन देऊन एक तावाशी घेतला आणि सुट्टीत गुहागरला आईला दिला. आईने उलटा केला, सुलटा केला, नाकाशी धरला. "काथ्या की गं हा!" म्हणाली. खरंच होतं. तावाशी नारळाच्या काथ्याचाही करतात, आणि हा तसलाच होता. जन्मभर नारळाची शेंडी आणि राख घेऊन भांडी घासलेल्या बाईला मी जपानहून शेंडी आणून दिली होती. "किती पडले?" सांगितलं. "म्हणजे अडीचशे रुपयांची शेंडी," एवढं म्हणून तिने तो पडवीत खिळ्याला लटकवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. मग मी तिला ते गाणंही ऐकवलं. तिचं म्हणणं असं पडलं, की ब्रशवर गाणं होऊ शकतं तर जात्यावर इतक्या ओव्या झाल्याच ना. ह्यावर मी काय बोलणार.

असो. १९८३ मध्ये ओसाकाच्या झिरो रेकॉर्ड्स ह्या छोट्या कंपनीने त्यांची ‘बर्निंग फार्म’ ही रेकॉर्ड काढली. आठ इंची, म्हणजे धड सात नाही, धड दहा नाही. इथून गोष्ट एकदम समुद्र ओलांडते, आणि ती ओलांडते कॅसेटवर. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया नावाचं गाव आहे. तिथल्या केल्विन जॉन्सनच्या हाती ती रेकॉर्ड लागली आणि त्याने १९८५ मध्ये आपल्या के रेकॉर्ड्सतर्फे तिची कॅसेट काढली. के रेकॉर्ड्स म्हणजे तेव्हा घरगुती मामला. कॅसेटी भरायच्या, पाकिटात घालायच्या, पोस्टाने पाठवायच्या. दुसऱ्या वर्षी त्याच राज्यातल्या सिएटलच्या सब पॉप ह्या रेकॉर्ड कंपनीने निरनिराळ्या बँडची एक रेकॉर्ड काढली, तीतही ह्यांचं एक गाणं घेतलं. त्या भागातल्या वाजवणाऱ्या पोरांकडे अशा कॅसेटी हातोहात फिरत असत. निर्वानाचा गायक कर्ट कोबेन त्या पोरांतलाच.

१९८९ मध्ये तर गंमतच झाली. अमेरिकेतल्या वीसहून जास्त बँडनी मिळून शोनेन नाईफची गाणी आपापल्या पद्धतीने वाजवली आणि त्यांच्या गौरवाचा एक आख्खा अल्बम काढला. सॉनिक यूथसारखा नाणावलेला बँड त्यात होता. गौरवग्रंथ निघतो तो माणूस साठी-पंचाहत्तरीला आला की. ह्यांचा निघाला तेव्हा ह्यांच्या मायदेशात ह्यांना मूठभर लोक ओळखत होते. त्याच वर्षी त्या लॉस एंजेलिसला जाऊन अमेरिकेत पहिल्यांदा वाजवून आल्या.

आणि मग १९९१. निर्वानाचा ‘नेव्हरमाईंड’ सप्टेंबरात आला आणि जानेवारीत अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरावर गेला. त्या दोन तारखांच्या मध्ये ती ब्रिटनची यात्रा. नाओकोने ही हकीकत पुष्कळदा सांगितलीय. आमंत्रण आलं तेव्हा निर्वाना कोण हे तिला माहीत नव्हतं. तिने सीडी आणली, आतले फोटो बघितले आणि ती घाबरली, की हे असले दांडगे लोक, ह्यांच्याबरोबर कसं हिंडायचं. गेल्यावर कळलं की सज्जन आहेत. तिकडे कोबेनचं म्हणणं असं होतं, की ह्यांना समोर वाजवताना पाहून त्याची अवस्था बीटल्सच्या कार्यक्रमात किंचाळणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरीसारखी झाली.

निर्वानाच्या टी-शर्टवाल्यांना एवढा भाग सांगितला की पुरतो. त्यांच्यापुरती गोष्ट इथेच कळसाला पोचते. मला मात्र त्यापुढचं सांगायला आवडतं.

१९९२ मध्ये मोठ्या कंपनीतून ‘लेट्स नाईफ’ आला. जुनीच गाणी पुन्हा, चकचकीत करून, बरीचशी इंग्रजीत. अमेरिका-ब्रिटनमधल्या लोकांना त्यांच्या इंग्रजीचं फार कौतुक, आणि त्या कौतुकात थोडं हसणंही असायचं. ‘लेट्स नाईफ’ हे काय इंग्रजी आहे? तर इंग्रजी नाहीच ते. जपानीत ‘लेट्स’ हा उचललेला शब्द नामापुढे सरळ चिकटवतात, ‘लेट्स टेनिस’ म्हटलं की झालं, चला टेनिस खेळूया. पॅनासॉनिकच्या लॅपटॉपचं नावच ‘लेट्सनोट’ आहे. म्हणजे ते नाव अस्सल जपानी व्याकरणात बसतं, फक्त कपडे इंग्रजी आहेत. आपण ‘उद्या प्रेझेंटेशन मारायचंय’ म्हणतो तेव्हा कुठलं इंग्रजी बोलत असतो? दुभाषाचं काम करणाऱ्या माणसाला असल्या वाक्यांवर हसणाऱ्यांचा राग येतो. मला येतो.

त्याच्या आदल्या वर्षीच्या अल्बमचं नाव ‘७१२’. का, तर जपानीत सात म्हणजे ‘ना’, एक म्हणजे ‘इ’ आणि दोन म्हणजे ‘फु’. नाइफु, नाईफ. आकड्यांची अशी अक्षरं करण्याचा खेळ जपानी माणूस फोन नंबर पाठ करायलाही वापरतो. त्याआधीच्या, १९८६ च्या, अल्बमच्या नावात ‘बाका’ आहे. बाका म्हणजे मूर्ख. तोक्योत हा शब्द सहज, लाडानेही जातो. ओसाकात लाडाने म्हणायचं तर ‘आहो’ म्हणतात, तिथे ‘बाका’ म्हटलं तर माणूस दुखावतो. आमच्या ऑफिसात तोक्योहून आलेल्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं आणि त्या दुपारी मला दोन जपानी माणसांमध्ये जपानीतून जपानीत दुभाषेपण करावं लागलं.

माझं मत विचाराल तर ‘लेट्स नाईफ’पेक्षा त्याच्या पुढचा ‘रॉक अ‍ॅनिमल्स’ सरस. गिटार जाड झाली, वेग थोडा उतरला. सॉनिक यूथच्या थर्स्टन मूरने त्यातल्या एका गाण्यात गिटार वाजवलीय. १९९४ मध्ये त्या लोलापलूझा ह्या अमेरिकेतल्या फिरत्या जत्रेत वाजवून आल्या. कार्पेंटर्सच्या ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’चं त्यांनी केलेलं रूप त्याच वर्षी गाजलं. मूळ गाणं साखरेच्या पाकातलं, ह्यांनी त्याला कैरीची फोड लावली.

त्यानंतर वारा पडला. कोबेन १९९४ च्या एप्रिलमध्येच गेला होता. निर्वानासारख्या सिएटलकडच्या बँडची फॅशन उतरली, मोठ्या कंपन्यांना दुसरं काही सापडलं. तुमचा ‘पुढे काय झालं’ खरा इथून सुरू होतो, आणि इथून पुढे वर्तमानपत्रात छापण्यासारखं फार थोडं आहे.

१९९८ मध्ये ‘हॅपी अवर’ काढला, सुशी आणि बिस्किटं आणि केळ्याचे वेफर्स असलेला. १९९९ मध्ये मिचिए बाहेर पडली. भांडण नाही, जाहीर उणीदुणी नाहीत. आत्सुको ड्रम्स सोडून बेसवर आली. २००० मध्ये ‘पॉवरपफ गर्ल्स’ ह्या कार्टूनच्या अल्बमसाठी त्यातल्या बटरकपचं गाणं केलं. हे सांगितलं की माझ्या वर्गातल्या तिशीच्या मुली खुर्चीतून उठतात. शाळेतून आल्यावर कार्टून नेटवर्क लावलेली पिढी ती, तिला बटरकप कोण हे सांगावं लागत नाही. ड्रम्सवर माना निशिउरा आली. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये ती दुसऱ्या एका बँडबरोबर अमेरिकेत दौऱ्यावर असताना गाडीच्या अपघातात गेली. ह्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. गाडीत सामान भरायचं, रात्री वाजवायचं, पहाटे पुढचं गाव गाठायचं, ह्या धंद्यात रस्ता हाच सगळ्यात मोठा धोका असतो.

२००६ मध्ये आत्सुको लग्न होऊन लॉस एंजेलिसला गेली.

मूळच्या तिघींपैकी आता एकटी नाओको उरली. वय पंचेचाळीस. बहीण नाही, मैत्रीण नाही, हातात पंचवीस वर्षांपूर्वीच्या चाकूचं नाव आणि खाण्यावरची गाणी. कुणी थांबलं असतं तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. ह्या जागी मी पुष्कळदा अडकलेय, की तिने काय विचार केला असेल. मग तिच्या अल्बमची वर्षं बघते. २००७, २००८, २०१०, २०११, २०१२, २०१४. विचार करायला वेळ कुठे घेतला होता तिने! नवी ड्रमर घेतली, रित्सुको तानेदा बेसवर आली, पुढे एमी मोरिमोतो ड्रम्सवर आली. नव्या मुली लहानपणापासून ह्याच प्रकारच्या संगीतावर वाढलेल्या. नाओकोने त्यांना गाणी शिकवली आणि गाडी पुढे काढली. २०११ मध्ये तीस वर्षं झाली तेव्हा स्वतःची गाणी पुन्हा गात बसण्याऐवजी तिने ‘ओसाका रामोन्स’ नावाचा अल्बम काढला, सगळीच्या सगळी रामोन्सची गाणी. तिशी साजरी करायची तर ज्यांच्यामुळे गिटार हातात घेतली त्यांना नमस्कार करून, एवढं साधं.

सगळे अल्बम चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. मधले दोनतीन मी पुन्हा लावत नाही. चाल ओळखीची वाटते, पुढची ओळ आधीच कळते. पण असं आहे, की रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईची प्रत्येक आमटी कुठे अप्रतिम असते.

२०१४ मध्ये मी त्यांना ओसाकात ऐकलं. अमेरिकामुरा म्हणून भाग आहे, जुन्या कपड्यांच्या दुकानांचा. तिथल्या एका लाईव्ह हाऊसात. संध्याकाळी सात म्हणजे सात. दारात तिकिटाशिवाय पेयाचे पाचशे येन वेगळे द्यायचे, बदल्यात एक प्लॅस्टिकचं नाणं मिळतं, ते बारवर दिलं की बिअर नाहीतर उलाँग चहा. तीनेकशे माणसं असतील. पन्नाशीचे पुरुष, अंगावर धुऊन धुऊन पांढरे पडलेले टी-शर्ट. ऑफिसातून थेट आलेली एक बाई, तिने ब्लेझर घडी घालून पिशवीत ठेवला. दोन परदेशी माणसं. आणि बापाच्या खांद्यावर पाचसहा वर्षांची एक मुलगी, कानांवर आवाज रोखायचे गुलाबी हेडफोन.

नव्या अल्बममधली गाणी होती, रामेनवरचं, ग्रीन टीवरचं, सत्तरच्या दशकातल्या घणाघाती रॉकच्या बाजात. पन्नाशी उलटलेली नाओको चमकत्या फ्रॉकात. गाण्यांच्या मध्ये बोलायची ती अगदी हळू, मान लववून, जसं बँकेतली काउंटरवरची बाई बोलते. "पुढचं गाणं ग्रीन टीबद्दल आहे. तब्येतीला चांगला असतो." असं काहीसं. आणि पुढच्या क्षणाला तिघी एका रांगेत, माना एकत्र खालीवर, गिटारचा आवाज छातीच्या पिंजऱ्यात. मी उलाँग चहा हातात धरून उभी होते, तो सांडला.

कार्यक्रम संपला आणि पंधरा मिनिटांत त्या बाहेर टेबलामागे उभ्या. टी-शर्ट, सीडी, रुमाल. घामाने केस चिकटलेले, प्रत्येकाला दोन्ही हातांनी वस्तू देत होत्या. माझा नंबर आल्यावर मी तीन वर्षं दुभाषेपण केलेली बाई, मला ‘धन्यवाद’च्या पुढे जपानी शब्द आठवेना. रुमाल घेतला आणि निघाले. त्यावर आईस्क्रीमचं चित्र होतं. अजून आहे, वापरत नाही.

पुण्याला परत आल्यावर एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. नाव सोडा. त्यांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "इतकी वर्षं अनुवाद आणि दुभाषेपणच करताय. ग्रोथ कुठे दिसत नाही." मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना कर्वे रोडवर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा एकदम त्या टेबलामागच्या नाओकोची आठवण झाली, आणि मी काही कारण नसताना रिक्षात हसले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. पुढच्याच महिन्यात मी घरी वर्ग सुरू केला.

एमीने २०१५ मध्ये बँड सोडला, रिसा कावानो ड्रम्सवर आली. आणि २०१६ मध्ये आत्सुको परत आली, बेस घेऊन. दहा वर्षं बाहेर राहिलेली बहीण घरात येते आणि फळीवरचा डबा न विचारता काढते, तसं. २०१९ मध्ये एक अल्बम आला, मग कोरोनाने सगळ्यांचीच गाडी थांबवली. २०२३ च्या फेब्रुवारीत पुढचा. त्यात बाउमकुखेनवर गाणं आहे. तो जर्मन केक, कापला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, जपान्यांनी तो पूर्ण आपला करून टाकलाय. आणि ‘स्पायसी व्हेजी करी’ नावाचंही एक गाणं आहे.

गेल्या डिसेंबरात वर्गाची पार्टी होती. मी जपानी करीच्या वड्या आणून ठेवल्या होत्या. त्या चॉकलेटसारख्या असतात, तोडून उकळत्या भाज्यांत टाकायच्या. खोक्यावर तिखटपणा लिहिलेला असतो: ‘अमाकुची’ म्हणजे गोडसर, ‘चूकारा’ म्हणजे मध्यम, ‘काराकुची’ म्हणजे तिखट. मी मुद्दाम काराकुची आणली होती. बटाटा, गाजर, कांदा, भात. आणि मागे हे करीचं गाणं लावलं. पोरांनी चार घास खाल्ले, एकमेकांकडे बघितलं. एकीने हळूच विचारलं, "सेन्सेई, ह्यात तिखट कुठंय?" दुसरी आत जाऊन लसणाच्या चटणीची बरणी घेऊन आली. मग सगळ्यांनी वाटीभर वाढून घेतली.

त्या गडबडीत निर्वानाच्या टी-शर्टवाला, ह्या वर्षीचा, स्पीकरपाशी उभा होता. गाणं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "सेन्सेई, ह्या त्याच का? त्या इंग्लंडवाल्या?"

"त्याच," म्हटलं. "म्हणजे, दोघी त्याच. ड्रम्सवरची नवी आहे."